नरकासुर कोणी घडवला?

दिवाळीत गोव्यात नरकासुराचे पुतळे करायच्या स्पर्धा होतात. अशा एखाद्या मोठ्या स्पर्धेचा निकाल लागतो तेव्हा ध्वनिक्षेपकावरून मंडळाचं नाव पुकारलं जातं, अध्यक्षाचं पुकारलं जातं, बक्षीस पुरस्कृत करणाऱ्या नेत्याचं तर तीन-तीनदा. त्या अवाढव्य राक्षसाचं तोंड कोणी काढलं, जबडा असाच उघडावा हे कोणाच्या डोक्यातून निघालं, नजरेतली जरब कोणी आणली, हे कोणी विचारत नाही. पहाटे नरकासुर जळून जातो. कर्त्याचं नाव मुळात कुठं लिहिलेलंच नसतं, त्यामुळे ते जळण्याचाही प्रश्न येत नाही.

राक्षस, यक्ष, वेताळ, योद्धे यांना शरीर, चेहरा आणि वेश देणं हे स्वतंत्र, अवघड आणि शिकता येण्याजोगं काम आहे. जगभरच्या गेम बनवणाऱ्या कंपन्या त्याला कॅरेक्टर डिझाइन म्हणतात आणि त्यासाठी पगारी माणसं ठेवतात. गोव्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, पण आम्ही ते कलेतही मोजत नाही आणि कामधंद्यातही मोजत नाही. त्याला ‘पोरांची हौस’ म्हणतो. दुसरीकडे, आयपॅडवर तलवार घेतलेली पंखधारी बाई काढत बसलेल्या मुलीला घरचे विचारतात, ‘अगो, हे करून पुढं काय?’ हौस म्हणून हिणवला जाणारा मांडवातला मुलगा आणि पुढं काय म्हणून विचारली जाणारी ही मुलगी एकाच पेशातली आहेत. दोघांचं दुखणंही एकच आहे: नावाविना काम, नोंदीविना परंपरा आणि डोळ्यांपुढं सतत परक्यांची चित्रं.

दिवाळीच्या सुमारास गोव्यात दोन तक्रारी ठरलेल्या. कृष्णापेक्षा नरकासुरच मोठा झाला, ही एक. रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत, ही दुसरी. दुसरी शंभर टक्के रास्त आहे. पहिलीवर माझं मत वेगळं आहे, पण तो आजचा विषय नव्हे. माझी तक्रार तिसरीच आहे: नरकासुर दिवसेंदिवस एकमेकांसारखे दिसू लागलेत. गवत भरून फुगवलेल्या पोटाचा, झुपकेदार मिशांचा, वटारलेल्या डोळ्यांचा तो जुना राक्षस अजून वाड्यावाड्यांवर लहान पोरं करतात. मोठ्या स्पर्धांत मात्र वळणदार शिंगं, दगडासारखे फुगलेले दंड, खांद्यांवर खिळ्यांचं चिलखत, कातडी हिरवी किंवा राखाडी. हे शरीर ओळखीचं आहे. ते पाश्चात्त्य फँटसी गेममधून आलं आहे. तिथं ते एका लांबलचक परंपरेतून उतरलं. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, फ्रँक फ्रॅझेटासारख्या चित्रकारांनी तैलरंगात पिळदार योद्धे आणि अक्राळविक्राळ प्राणी रंगवले, त्यातून पुढच्या चित्रकारांची नजर घडली. ती परंपरा दमदार आहे, तिच्याविषयी मला आकस नाही. आकस आहे तो आमच्या आळसाचा, कारण आमच्याकडं उसनं शरीर आणण्याची पाळी यावी अशी परिस्थितीच नाही.

गेमसाठी पात्र आखणारा चित्रकार बहुधा लगेच रंगाला हात घालत नाही. आधी तो नुसत्या काळ्या बाह्याकृती काढत सुटतो. आत डोळे नाहीत, दागिने नाहीत, फक्त सावलीसारखा ठसा. कारण ते पात्र पडद्यावर अंगठ्याएवढं दिसणार आहे, पळताना, झुंजताना, धुरात दिसणार आहे, आणि खेळणाऱ्याला ते निमिषात ओळखू आलं पाहिजे. ठसा पक्का झाला की मग चेहरा, मग वेश, मग रंगसंगती. शेवटी समोरून, बाजूनं आणि पाठीमागून एकाच मापात काढलेलं चित्र. त्याला टर्नअराउंड म्हणतात. ते समोर ठेवून दुसरा कोणी तरी ती आकृती संगणकात त्रिमितीत उभी करतो, तिसरा तिला हालचाल देतो. म्हणजे चित्र सुंदर असून भागत नाही. ते दुसऱ्याच्या हातात गेल्यावरही निभावलं पाहिजे.

आता पेडण्यात किंवा पलीकडं सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकात येणारा संकासुर आठवा. डोक्यापासून पायापर्यंत काळा. तोंडावरही काळंच कापड, त्यावर रंगवलेले डोळे आणि बाहेर लोंबणारी लालभडक जीभ. हा वेश वीजदिवे येण्याच्या आधीपासूनचा. मशालीच्या किंवा गॅसबत्तीच्या उजेडात, देवळाच्या आवारात शेवटच्या रांगेत पेंगत बसलेल्या माणसालाही तो आल्याचं कळावं अशी ही आकृती आहे. बाह्याकृतीची परीक्षा तिनं केव्हाच उत्तीर्ण केली. त्याहून मला भुरळ पडते ती तिच्यामागच्या विचाराची. संकासुर ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा दैत्य. ज्यानं ज्ञान पळवलं त्याला चेहरा नाही, पण जीभ आहे! आणि त्या जिभेला शोभेल असाच तो बोलतो: मालवणीत, टर उडवत, गावातल्या ताज्या भानगडींवर शेरे मारत, देवाधर्माच्या गोष्टीलाही कोपरखळी देत. भीती आणि विनोद एकाच वेशात बसवणं किती कठीण असतं ते कोणत्याही गेम स्टुडिओतल्या कला दिग्दर्शकाला विचारा. आमच्या कोण्या अनामिकानं ते काळ्या कापडात आणि लाल चिंधीत साधलं. आणि दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो, आरसा समोर धरून. आखणारा, रंगवणारा आणि वठवणारा एकच.

सत्तरी-डिचोलीतला घोडेमोडणी हा नाच घ्या. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधलेला माणूस, डोक्यावर पागोटं, हातात तलवार. घोडा आणि स्वार एकाच देहात. ढोलताशांवर तो नाचू लागला की खालचे पाय माणसाचे हे बघणारा विसरतो. किंवा काणकोणातल्या लोलये गावचा देव बेताळ, म्हणजे वेताळ, घ्या. अंगावर वस्त्र नाही, बरगड्या दिसताहेत, पोट खपाटीला गेलेलं, आणि गोव्यातल्या बेताळमूर्तींच्या पोटावर कोरतात तो विंचू. भूक आणि दंश यांचं असं रूप मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. रात्री गावभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. पात्राला वजन कशानं येतं? अशा तपशिलानं. त्याची चाल कशी असेल, पायांचा आवाज कसा येईल, हे त्या वहाणाच सांगून टाकतात.

मग मोठ्या स्पर्धेत नरकासुर घडवणाऱ्या पोरांच्या हातून यातलं काही का उतरत नाही? त्यांना गावाची लाज वाटते, संस्कृती विसरली, वगैरे उत्तरं व्यासपीठावरून सोयीची असतात. मला ती पटत नाहीत. कारण साधं आहे. चित्रकार संदर्भावर काम करतो. मोबाइलवर राक्षसाचं चित्र शोधलं की हजारो परदेशी राक्षस पुढं येतात, प्रत्येक कोनातून, प्रत्येक प्रकाशात, शरीररचनेसकट. बेताळ शोधला तर एखाददुसरा अंधुक फोटो, तोही हारांनी झाकलेला. संकासुराच्या जिभेचं कापड कुठल्या जातीचं, किरीट कशाचा करतात, खांद्यावरची भूषणं कशी बांधतात, याची कोणालाही सहज उघडून बघता येईल अशी नोंद नाही. जे दिसतं तेच हाताला येतं. पोरांना बोल लावून काय होणार?

शेजारी काय चाललंय ते पाहण्यासारखं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चीनचा ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ हा गेम आला आणि तीन दिवसांत त्याच्या १ कोटी प्रती खपल्या. आमच्याकडं चर्चा झाली ती या आकड्याची. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्यांनी चित्रणासाठी ३६ ठिकाणं निवडली, त्यांतली २७ एकट्या शांशी प्रांतातली. जुनी लाकडी मंदिरं, मातीच्या रंगीत मूर्ती, कोरीव गुंफा यांचं तपशीलवार स्कॅनिंग करून ते रूप गेममध्ये उतरवलं, आणि गेम खेळलेली माणसं पुढं ती मंदिरं पाहायला शांशीत जाऊ लागली. आपल्या बाजूचं उदाहरणही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ हा गेम आणला. त्यात पहाडी चित्रशैलीचा रंग, राजस्थानी वास्तूंचे आकार आणि छायाबाहुल्यांच्या धर्तीवरचं निवेदन आहे. लहान चमूचं काम, पण नजर स्वतःची. हे त्यांना करता आलं, कारण पहाडी चित्रं संग्रहालयांत आहेत, छापील पुस्तकांत आहेत, त्यांच्यावर अभ्यास झालेला आहे. गोव्याच्या कावीबद्दल असं म्हणता येईल?

कावी म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा आणि त्यातून आकृती साधायची. लाल आणि पांढरा, बस्स. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर देव, हत्ती, वेली, योद्धे या दोन रंगांत उभे आहेत. मर्यादा अशी की चूक पुसता येत नाही, छटा करता येत नाही, सगळा भार रेषेवर. एखाद्या गेमचं संपूर्ण विश्व या दोन रंगांत का उभं राहू नये? जपानमध्ये कॅपकॉमनं २००६ साली ‘ओकामी’ काढला तो शाईच्या कुंचल्याच्या शैलीत. आधी त्यांना वास्तवदर्शी चित्रण करायचं होतं, पण तेव्हाच्या यंत्राला ते पेलवेना. नाइलाजानं कुंचल्याकडं वळले आणि तीच त्या गेमची ओळख झाली. मर्यादा अशीही कामाला येते. आमच्या कावीच्या भिंतींवर मात्र जीर्णोद्धारात टाइल्स बसतात.

इथं पारंपरिक कलेची बाजू घेणारे म्हणतील, संगणकानं हात मेला, तुम्ही त्याचीच भलामण करता. हा आक्षेप मी अनेक जाणत्या चित्रकारांकडून ऐकला आहे आणि त्यातला अर्धा भाग खरा मानतो. पडद्यावर ‘अन्डू’ची, म्हणजे काढलेलं क्षणात मागं घ्यायची सोय असल्यानं रेषेला जोखीम उरत नाही. तयार ब्रश वापरून सगळ्यांचे ढग एकाच जातीचे होतात. पण या क्षेत्रातले ज्यांना गुरू मानतात त्यांचा इतिहास पाहा. योशिताका आमानो यांनी १९८७ पासून ‘फायनल फँटसी’ या गेममालिकेसाठी चित्रं केली ती शाईत आणि जलरंगांत. त्या काळच्या गेममध्ये ते पात्र पडद्यावर मूठभर चौकोनांचं दिसे, पण त्यामागं कागदावर तरंगणारी, जुन्या जपानी ठशांची आठवण देणारी आकृती होती. हात पक्का नसेल तर टॅब्लेट काही देत नाही. शरीरशास्त्र, यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह), प्रकाश, वस्त्राच्या चुण्या हे सगळं कागदावरच शिकावं लागतं, आणि हे या धंद्यातलेच लोक नवोदितांना सांगत असतात. त्यामुळे टॅब्लेट विरुद्ध कुंचला हे भांडण मला उगाचचं वाटतं. भांडायचंच असेल तर मजुरीवरून भांडू.

कारण परंपरेचा नुसता ‘संदर्भ’ होण्यात धोका आहेच. उद्या एखाद्या स्टुडिओनं दशावतारी पार्टीचे, म्हणजे नाटकमंडळीचे फोटो काढून नेले, त्यावरून देखणा खलनायक केला, गेम खपला. पेडण्याच्या त्या नटाच्या हातात काय पडलं? लोकपरंपरेतल्या रूपावर कोणा एकाचा कॉपीराइट नसतो. संकासुर उद्या कोणीही, कुठंही काढू शकतो आणि कायदा त्याला अडवणार नाही. उलट माझ्यासारखे लोक नोंदी करा, उघड्या ठेवा म्हणून ओरडतात तेव्हा ती चोरी अधिकच सोपी होते, असं कोणी म्हणालं तर त्याला उडवून लावता येणार नाही. माझं उत्तर एवढंच की नेणारे आताही नेतातच. पर्यटकांचे कॅमेरे शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या उत्सवात, काही कमी फिरत नाहीत. फरक असा की आज रूप जातं आणि त्यासोबत गावाचं नाव, पार्टीचं नाव, कथा काहीच जात नाही. नोंद असेल तर निदान विचारायचं कोणाला हे कळेल, आणि ज्याला प्रामाणिकपणे काम करायचं आहे त्याला सल्लागार म्हणून त्या नटाला मानधन देता येईल. अलास्कातल्या इन्युपियाक समाजानं हे करून दाखवलं. २०१४ चा ‘नेव्हर अलोन’ हा गेम कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या अलास्कातल्या मूलनिवासींच्या संस्थेच्या पुढाकारानं झाला, कथा सांगणारी वडीलधारी माणसं घडणीत सहभागी होती आणि निवेदन त्यांच्याच भाषेत राहिलं. तिथं समाज नुसता संदर्भ म्हणून उरला नाही, तो मालकांच्या बाजूला बसला.

देवादिकांना खेळात आणावं का, हा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. माझं मत मी सरळ मांडतो. रंगमंचावर आलेलं पात्र आणि गावचं दैवत यांत आमच्या लोकांनीच फरक केलेला आहे. संकासुराची टवाळी चालते, त्याच्याशी हुज्जत घालता येते. नरकासुर तर जाळायलाच केलेला. चित्ररथावरचा रावण वीजमोटरवर दहा डोकी हलवतो आणि आयाबाया पोरांना खांद्यावर घेऊन हसतात. ही सगळी खेळाचीच माणसं आहेत. पण गावचा राखणदार, सातेरी देवीचं वारूळ, अंगात येणारा अवसर, देवाला लावलेला कौल हे खेळाचं साहित्य नव्हे. तिथं गावाचा शब्द अखेरचा असला पाहिजे, आणि ‘नको’ म्हटल्यावर वाद घालू नये. बेताळ यातल्या नेमक्या कुठल्या बाजूला पडतो? मूर्ती म्हणून त्याचा अभ्यास व्हावा, रेखाटनं व्हावीत असं मला वाटतं, पण त्याला चाबूक मारून गुण मिळवायचा गेम मला चालणार नाही. ज्या गावचा तो देव, त्यांनी ठरवावं.

मात्र ‘भावना दुखावतील’ हे वाक्य काहीच नवं करू न देण्यासाठीही वापरलं जातं, आणि त्याचा अनुभव गोव्याला आहे. आंजेलु द फोन्सेका (१९०२–१९६७) हा सांतइस्तेव्हचा चित्रकार. शांतिनिकेतनात शिकून आला आणि त्यानं येशूची आई मारिया साडीत रंगवली, भारतीय चेहऱ्याची, भारतीय अंगणातली. तेव्हाच्या गोव्याला ते पचलं नाही. त्याच्यावर टीका झाली, त्यानं पुण्याला जाऊन आश्रमात राहून काम केलं. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे आणि आम्ही त्याचं कौतुक करतो. पवित्र व्यक्तिरेखेला स्थानिक देह देणं हेच त्यानं केलं होतं. त्याच्या हयातीत कोणी त्याला विचारलं असतं की हे का, तर कदाचित त्याला पुणं गाठावं लागलं नसतं. नव्या पिढीच्या बाबतीत आम्ही घाई करू नये, इतकं तरी त्यातून घ्यावं.

आता कलाक्षेत्रातल्या सोवळेपणाविषयी. आपल्याकडं ‘चित्रकार’ आणि ‘कमर्शियल’ अशी पंगतच वेगळी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला तेव्हापासून मराठी घरांत या शब्दाला थोडा हिणकस वास आहे. आणि तरीही मराठी वाचकाच्या डोळ्यांवर सर्वांत जास्त संस्कार कोणी केले असतील तर ते या ‘कमर्शियल’ मंडळींनी. त्यांतले दोघे तर गोव्याचेच. दीनानाथ दलाल यांनी १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंक चालवला, शेकड्यांनी मुखपृष्ठं केली. रघुवीर मुळगावकरांनी देवादिकांची आणि कथानायकांची चित्रं घराघरांत पोहोचवली. आज एखाद्या मराठी माणसानं डोळे मिटून कृष्ण आठवला तर त्याला जो दिसतो त्यात मुळगावकरांचा वाटा असायची शक्यता दांडगी आहे. ही पात्ररचनाच होती. कथेतली व्यक्ती शब्दांतून उचलून तिला नाक, डोळे, केस, उभं राहण्याची ढब द्यायची. व्यंगचित्रकार मारियु मिरांडांनीही वेगळ्या अंगानं तेच केलं, त्यांच्या पात्रांना तर लोक नावानं ओळखत. या परंपरेच्या प्रदेशात गेमसाठी पात्रं काढणाऱ्या मुलीला ‘कार्टून काढतेस का?’ म्हणून विचारलं जातं, याला काय म्हणावं.

दलालांच्या चित्रावर त्यांची सही असे. वाचक मुखपृष्ठ उलटण्याआधी ती सही शोधत. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा फँटसी खेळ १९९३ साली निघाला, त्याच्या पत्त्यावर पहिल्यापासून चित्रकाराचं नाव छापलेलं असतं. चित्र पेटीच्या झाकणाएवढं नसून टपाल तिकिटाहून थोडंसं मोठं, तरी नाव आहे. त्यामुळे झालं असं की खेळणारी पोरं चित्रकारांची नावं घेऊ लागली, मूळ चित्रं विकत घेऊ लागली, कुठला चित्रकार कसा रंगवतो यावर वाद घालू लागली. एका ओळीच्या छपाईनं बाजार उभा राहिला. भारतात मात्र उलटं. बंगळुरूत ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ पासून, पुढं दिल्लीजवळ लक्ष्य डिजिटल अशा स्टुडिओंतून आमची मुलं परदेशी गेमसाठी चिलखतं, गाड्या, प्राणी, माणसं घडवत आली. काम उत्तम, पगार बरा, पण गोपनीयतेच्या कलमापायी कित्येकांना आपण काय केलं ते वर्षानुवर्षं दाखवताही येत नाही. दुसऱ्याच्या राक्षसाला चिलखत चढवण्यात हयात जाते.

कायद्यात थोडं बळ आहे, ते वापरलं जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, करारात वेगळं काही नसेल तर, मालक कंपनी असते. पण त्याच कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क विकले तरी ‘ही कृती माझी’ असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. वहीत काढलेलं कच्चं रेखाटनही, ते स्वतःचं असेल तर, या कायद्याच्या छत्राखाली येतं. हे कलाशाळांत शिकवलं पाहिजे, आणि नरकासुराच्या मांडवातही सांगितलं पाहिजे. स्पर्धेच्या अर्जात मंडळाचा पत्ता आणि अध्यक्षाचा मोबाइल नंबर लिहायला जागा असतेच. तिथंच ‘मुखवटा कोणाचा, सांगाडा कोणाचा, आखणी कोणाची’ हे रकाने यायला काय हरकत आहे? अर्जासोबत आखणीचं चित्र मागावं, त्याला वेगळे गुण द्यावेत, आणि आवाजाच्या भिंतीला शून्य. आयोजकांना हे जड जाईल असं सांगतात. मला नाही वाटत. जड जाणार ते पुरस्कर्त्यांना, कारण फलकावर त्यांच्या नावाखेरीज आणखी नावं येतील.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं चित्र काढणारी यंत्रं आल्यावर या साऱ्याला अर्थ काय, असंही आता विचारतात. २०२२ साली ही यंत्रं लोकांच्या हाती आली तेव्हा ग्रेग रुटकॉव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव टाकून लोकांनी अगणित चित्रं काढून घेतली. त्याला विचारलं कोणी नाही, पैसे दिले कोणी नाहीत, आणि त्यानं तक्रार केली तोवर त्याच्या नावानं आंतरजालावर त्याची नसलेली चित्रं साचली होती. हा अन्यायच आहे, त्याचा निवाडा न्यायालयांत होत राहील. गोव्याच्या दृष्टीनं मला एक वेगळीच बाब दिसते. ज्याची चित्रं जगात भरपूर, त्याचंच रूप ते यंत्र चांगलं वठवतं. बेताळ काढ म्हटलं की ते कुठल्या तरी शिंगवाल्याला उभं करणार आणि खाली बेताळ लिहून देणार. आम्ही स्वतः नोंद केली नाही तर उद्याच्या मुलांना तो शिंगवालाच बेताळ वाटेल. काही नरकासुरांच्या बाबतीत ते झालेलंही आहे, यंत्राच्या मदतीशिवाय.

करायचं काय आणि पैसा कुठून? पैशाचं रडगाणं गोव्यात तरी गाऊ नये. शिगम्याच्या आणि कार्निव्हलच्या चित्ररथांना बक्षिसं आहेत, २००४ पासून चित्रपट महोत्सव आहे, पणजीत कलामहोत्सव आहेत. शेजारच्या कर्नाटकानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी वेगळं धोरण २०१२ सालीच आणलं. उद्या गोव्यानंही आणलं तर मला धडकी भरेल ती एका गोष्टीची: काचेची इमारत, उद्घाटन, दोन दिवसांची परिषद, आणि नंतर कुलूप. त्याऐवजी पणजीतल्या अल्तिनोवरच्या कला महाविद्यालयानं, जे १९७२ पासून उभं आहे, माशेल-कुंभारजुव्यातले गणपती घडवणारे, लाकडी वस्तू रंगवणारे कुंकळ्ळीचे चितारी आणि पेडण्याचे दशावतारी यांना पाहुणे म्हणून नव्हे, शिकवणारे म्हणून मानधनावर बोलवावं. त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांनी पात्रं आखावीत आणि त्यांनी ती फाडून टाकण्याजोगी असतील तर तसं सांगावं. किरीट असा बसणार नाही, नाचताना पडेल, हे सांगायला दशावतारीच हवा. संगणकावर त्रिमितीत काम करायला आज ब्लेंडर फुकट मिळतं, चित्र काढायला क्रिटा फुकट मिळतं. यंत्राची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही, अडचण आहे ती मास्तराची.

आणि पहिला रुपया कशावर खर्चावा असं मला विचारलं तर तो भिंतींवर. बांदिवड्याच्या नागेशीच्या सभामंडपात लाकडात कोरलेलं रामायण सुरक्षित आहे, पणसायमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेल्या आकृती पुरातत्त्व खात्याला ठाऊक आहेत. कावीचं तसं नाही. देवळाची समिती बैठकीत जीर्णोद्धार ठरवते, ठेकेदार येतो, जुना गिलावा उतरतो. कोणाचा वाईट हेतू नसतो, देऊळ गळत असतं, भक्तांना फरशी हवी असते. अशा प्रत्येक जीर्णोद्धाराच्या परवानगीला एक अट जोडता येईल: काम सुरू होण्याआधी भिंतींचं मापासह छायाचित्रण, खर्च सरकारचा, एक प्रत देवळाकडं आणि एक मध्यवर्ती कला-संग्रहात, वापराची मुभा कोणाला द्यायची ते देवस्थान ठरवणार. कॅमेरा, शिडी, दोन विद्यार्थी आणि एक दिवस, एवढ्यात हे काम होतं.